मॅरेज चालेल, लग्न नको

आमच्या घरात ‘लग्न’ हा शब्द बाबांच्या ताब्यात आहे. बाबा याज्ञिक. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरातून त्यांनी काशीतल्या जुन्या मराठी घरांची लग्नं-मुंजी लावली, आणि बदली होऊन इकडे आलेल्या रेल्वेतल्या, बँकेतल्या, विद्यापीठातल्या लोकांचीही. त्यांच्या लेखी लग्न म्हणजे मुहूर्ताची ती घटका. मध्ये अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि शेवटच्या ‘सावधान’ला पट खाली. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं त्यांच्या भाषेत ‘फंक्शन’. स्टेज, फोटो, नाच, जेवणावळी, फंक्शन! भातात खडा लागावा तसा चेहरा करून ते हा शब्द म्हणतात.

मला मात्र या शब्दांचा भारी नाद. मी राहते विद्यापीठाच्या बाजूला. रविवारी मैदागिनपर्यंत ऑटोने येते आणि पुढे गल्ल्यांतून चालत माहेरी. चालताना कान उघडे ठेवायचे, एवढं एकच काम. “परसों मैरिज में जाना है,” दूधवाला सांगतो. “इंगेजमेंट हो गया?” पानवाला गिऱ्हाइकाला विचारतो. घरी पोचावं तर आई फोनवर कुणाला तरी सांगत असते, “हो ना, रिश्ता चांगला आहे, मुलगा सेटल आहे, बायोडेटा पाठवते.” साखरपुडा कधी गेला आणि रिंग सेरेमनी कधी आली, कुणी पाहिलंच नाही. आणि नवरे! आमच्याकडे येणारा एकही मराठी नवरा ‘माझी बायको’ म्हणत नाही. ‘मिसेस’ म्हणतो. जणू बायको म्हटलं तर ती आतून ऐकेल.

हल्ली तर घाटावर पहाटेच सूट-गाऊन घालून जोडपी येतात, पाठोपाठ कॅमेरेवाले. एकदा मुन्शी घाटावर बाबा थांबून बघत राहिले. “यांचं झालंय की व्हायचंय?” मी म्हटलं, “बाबा, प्री-वेडिंग आहे.” “म्हणजे झालेलं नाही.” “नाही.” “मग हे काय चाललंय?” आता काय सांगणार, कप्पाळ! त्याच वाटेवर मी त्यांना डेस्टिनेशन वेडिंगही समजावलं. डेस्टिनेशन म्हणजे पोचायचं ठिकाण, असं सांगितल्यावर ते मणिकर्णिकेच्या चितांकडे बघत म्हणाले, “काशीत पोचायचं ठिकाण एकच. तिथे लग्नं लावत नाहीत.”

शब्द घरात होता की. मग दुसरा कशाला आणला? हा प्रश्न मला कितीतरी वर्षं चावत होता. स्वयंपाकघरात आईला सांडशीने दुधाचं पातेलं उतरवताना बघून एकदा वाटलं, हेच ते. हाताला भाजेल ते आपण इंग्रजीने उचलतो. माझंच घ्या. मी बनारसी मुलाशी जमवलं. बाबांनी थोडी आदळआपट केली, पण शेवटी अंतरपाटापाशी उभं राहून लग्न स्वतः लावलं. तरी आजही पाहुण्यांना सांगताना आवाज उतरतो: “हिचं लव्ह मॅरेज.” एखादं दुखणं सांगावं तसं. आणि आत्याला, बाबांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, कुणी कधी बिनलग्नाची म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, “त्या अनमॅरिड आहेत.” इस्त्री केलेला शब्द. त्यात ना कुणाचा दोष दिसत, ना कुणाचं दुःख.

ही आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. साठी उलटलेली, केस पांढरेशुभ्र, जीभ तिखट. शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर तिने जन्मभर आमच्या घरचा एक मोठा भार उचलला. श्राद्धाचा स्वयंपाक. काशीत येऊन श्राद्ध करणारे यजमान आमच्याच घरी पानावर बसतात, आणि ओल्या लुगड्याने, मौन पाळून केलेला तो स्वयंपाक आत्याच्या हातचा असतो. आईला गुडघ्यांमुळे ते कधी झेपलंच नाही.

त्या यजमानांतले एक गृहस्थ नागपूरकडचे. रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, मुलगा परदेशात. दर वर्षी ते बायकोचं श्राद्ध करायला बाबांकडे येत. एरवी त्यांच्या तोंडी ‘मिसेस’, पण संकल्पात नाव घ्यावंच लागतं, आणि ते घेताना त्यांचा आवाज दर वर्षी अडखळे. आत्या स्वयंपाकघरातून ऐकत असे. पहिल्या वर्षी तिने त्यांना विचारलं होतं, “त्यांना काय आवडायचं?” ते म्हणाले, “सांबारवडी.” नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हेही आत्याला तेव्हाच कळलं. बाबा म्हणाले, श्राद्धाच्या पानात बसत नाही. आत्या म्हणाली, पानात नसेल बसत, वेगळ्या ताटलीत बसेल. तेव्हापासून दर वर्षी बसत आली.

तर दिवाळीनंतरचा एक रविवार. मी, आई, आत्या, तिघी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेलो. आत्या खाली मान घालून म्हणाली, “वहिनी, मी लग्न करायचं म्हणतेय.”

आई म्हणाली, “कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? माझं!”

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. कुणाशी, तेही तिनेच सांगितलं. सांबारवडीवाले. मला इतका आनंद झाला की मी सोललेले वाटाणे सालींच्या ढिगात टाकले. “अगं आत्या, छुपी रुस्तम निघालीस!” आत्या लाजली. गणिताची आत्या लाजताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मग ती गंभीर झाली. “दादाने लावायला हवं पण. त्याने साऱ्या काशीतल्या पोरींची लग्नं लावली. माझंही त्यानेच लावायचं. तरच.”

बाबांना संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, भडकतील. छे! ते बराच वेळ जानव्याशी चाळा करत बसले आणि म्हणाले, “रजिस्टर मॅरेज करा. हल्ली करतात लोक. माझी ना नाही. सह्या करायच्या, पेढे वाटायचे. पण मला लग्न लाव म्हणू नका.”

आणि काय सांगू, घर कसं सुटल्यासारखं झालं! इंग्रजी शब्द धावून आले. आई पुण्याच्या चुलत दिराला फोनवर म्हणाली, “वन्संना कंपॅनियनशिप मिळतेय.” शेजारी सांगितलं, “म्हातारपणी सेटल होताहेत.” कुणीतरी चौकशी केली, तर “त्यांचं सेकंड मॅरेज आहे.” आत्याने आतून ओरडून सांगितलं, “माझं फर्स्ट आहे! त्याबद्दल कुणी बोलेल का?” आई फोनवर हात ठेवून बसली.

मी मात्र चक्रावले. ज्या बाबांना फंक्शन हा शब्द सोसत नाही, ते सख्ख्या बहिणीला कचेरीत पाठवायला निघाले? शास्त्राची अडचण म्हणावी, तर आईने हळूच सांगितलं की त्यांनी पोथ्या काढून बघितल्या होत्या आणि अडचण काहीच सापडली नव्हती. मग काय आडवं येतंय? आत्यानेही हट्ट धरला. “सह्या करून सोडवायला मी पोस्टातलं पार्सल नाही. लग्न लावणार असलास तर करते. नाहीतर आहे तशी बरी आहे.” त्या गृहस्थांना विचारावं तर ते चहाचा कप धरून म्हणत, “मी तं तयारच आहे. गुरुजी म्हणतील तसं.” आणि गुरुजी काही म्हणत नव्हते. आत्या तोंडाने ‘आहे तशी बरी’ म्हणत होती खरी, पण पोळ्या करपवत होती. तिच्या हातची पोळी करपलेली आमच्या घराने कधी पाहिली नव्हती. 

आईला एकटीला गाठून मी विचारलं, तेव्हा एक गोष्ट कळली. मंगलाष्टकांत नवरा-नवरीची नावं गुंफलेलं एखादं कडवं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहेच. बाबा ती कडवी स्वतः रचतात आणि, आता सांगायला हरकत नाही, नावं बदलून पुन्हा पुन्हा वापरतात. माझ्या लग्नातलं कडवं मी नंतर दुसऱ्याच एका नवरीसाठी ऐकलं आणि पंगतीत ठसका लागला. पण सगळ्यांत पहिलं कडवं त्यांनी रचलं होतं ते आत्यासाठी. ती विशीत असताना तिचं एका ठिकाणी जवळजवळ तय झालं होतं. तेवढ्यात आजी अंथरुणाला खिळली. बाबांनी मुलाकडच्यांना वर्षभर थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. पुढे आजीचं आजारपण लांबत गेलं, यजमान वाढत गेले, स्वयंपाक वाढत गेला, आणि दुसरं स्थळ कुणी मनावर घेऊन शोधलंच नाही.

“ते कडवं?” मी विचारलं.

“कधी कुणाला म्हटलं नाही त्यांनी,” आई म्हणाली. “आता आठवतही नसेल.”

मग तुळशीचं लग्न आलं. हे आमच्याकडे थाटात होतं, गल्लीतल्या बायका जमतात. तुळशीचं कधी कुणी मॅरेज म्हणत नाही, हे माझ्या ध्यानात आलं ते त्याच दिवशी. बाबा बाळकृष्णाच्या बाजूला उभे राहून मंगलाष्टकं म्हणतात, आणि अंतरपाटाचं एक टोक आईच्या हातात, दुसरं आत्याच्या. मला कळायला लागल्यापासून दुसरं टोक आत्याचंच. तुळशीला हिरव्या बांगड्या घालायच्या, ओटी भरायची, नवरीची आई व्हायचं, तेही तिनेच.

त्या संध्याकाळी तिने तुळस सजवली आणि तुळशीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली.

“पट धर,” बाबा म्हणाले.

“मी नाही धरत.”

“मुहूर्त होतोय.”

“मग यंदा तुळशीचंही रजिस्टर करून घे ना, दादा. तुझी ना नाही म्हणालास.”

बायका खुदकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मी पुढे होणार, तेवढ्यात मांडवासाठी ऊस घेऊन आलेले ते गृहस्थ उठले आणि त्यांनी पटाचं टोक धरलं. बिचाऱ्यांचा खांदा आखडलेला. हात छातीच्या वर जाईना. पट त्यांच्या बाजूने खाली लोंबत राहिला. बाबांनी सुरुवात केली. नेहमीचा खणखणीत आवाज. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मान वर केली, आणि लोंबत्या पटावरून त्यांना जे दिसू नये ते दिसलं. तुळशीच्या मंजिऱ्या, आणि बरोबर त्यांच्या मागे, नवरीच्या बाजूला बसलेली आत्या. ती त्यांच्याकडेच बघत होती. रागाने नाही. वाट बघणाऱ्या माणसासारखी.

बाबा थांबले. हजारदा म्हटलेलं कडवं मधेच तुटलं. बायकांनी अक्षता मुठीत धरून एकमेकींकडे पाहिलं. मग आईनेच पुढचा शब्द सुचवला आणि लग्न कसंबसं पार पडलं.

मी त्या रात्री माहेरीच राहिले. सकाळी बाबा पंचगंगा घाटावर स्नानाला निघाले, तशी मी त्यांचं धोतर घेऊन बरोबर गेले. कार्तिकातले आकाशदिवे बांबूंवर अजून मिणमिणत होते. स्नान झाल्यावर ते पायरीवर टेकले. गुडघ्यांवर पंचा. मी सरळच विचारलं. “बाबा, मॅरेज चालतं, मग लग्न का नाही चालत?”

त्यांनी पंचा उचलून पिळला. 

“कचेरीत कोण बघतंय?” ते म्हणाले. “सही केली, झालं. पण अंतरपाट धरला की चार लोक येतात. पट खाली गेला आणि त्याच्यामागे पांढरं डोकं दिसलं, की लोक नवरीकडे नाही बघणार. माझ्याकडे बघतील. म्हणतील, एवढी वर्षं काय करत होतास? मी काय करत होतो? पानं वाढून घेत होतो तिच्याकडून.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नुकतंच स्नान झालं होतं म्हणून चेहरा पुसायला निमित्त मिळालं.  मला राग आला, माझाच; का ते सांगते. इतकी वर्षं मी शब्द वेचत हिंडले आणि बाबांच्या तोंडून ‘रजिस्टर’ आलं, तेव्हा त्या सांडशीने ते काय उचलत होते हे मला दिसलं नव्हतं.

“बघू देत की लोकांना,” मी म्हटलं. “तुम्ही जरा लाजाल. तिने जन्म घालवलाय, बाबा.”

ते उठले. धोतर नेसले, गंध लावलं. चढ चढताना दोनदा थांबले. घरी पोचल्यावर कोपऱ्यातलं पंचांग घेऊन बसले आणि स्वयंपाकघराकडे बघून मोठ्याने म्हणाले, “मार्गशीर्षातला मुहूर्त आहे. चालेल का, नवरीला विचारा.”

आत्या भाजी निवडत होती. तिने भाजी बाजूला सारून कणीक पुढ्यात ओढली. त्या दिवशीच्या पोळ्या अशा झाल्या, काय सांगू, मऊसूत! मी चार खाल्ल्या.

लग्न आमच्या गच्चीवर झालं. माझ्या सासरचे दोन पुतणे काठ्या घेऊन माकडं हाकायला बसवले होते, तरी एक हार गेलाच. शेजारच्या मुंडेरीवर, म्हणजे कठड्यावर, बसून एका माकडाने तो एकेक झेंडू करत खाल्ला. नवरीचे मामा केव्हाच वर गेलेले, म्हणून मामाच्या जागी पाठीशी मी उभी राहिले. एका खांद्यावर मामाचं उपरणं, दुसऱ्या हातात करवलीचा दिवा. आत्या पिवळ्या साडीत. केसांना काही फासायला तिने साफ नकार दिला होता. ते गृहस्थ पलीकडे, घाबरलेले. गल्लीतली माणसं गच्चीच्या जिन्यापर्यंत दाटली होती. पट या वेळी दोन उंच माणसांनी नीट धरला.

बाबांनी एकेक कडवं म्हटलं. आवाज स्वच्छ. मग ते थांबले, घसा साफ केला, आणि मी कधीही न ऐकलेलं एक कडवं सुरू केलं. आईने माझ्या दंडाला घट्ट धरलं. मला समजलं. आठवत होतं तर! त्यात गंगेकाठी वाढलेली बहीण होती, भावाचं जड झालेलं मन होतं, नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी नवं नाव नीट वृत्तात बसवलेलं होतं. आणि शेवटच्या ओळीत नवरीला ‘कोवळी’ म्हटलं होतं. विशीतल्या मुलीसाठी रचलेलं ते.  बाबांना तो शब्द बदलायला कितीसा वेळ? त्या मात्रांत बसणारे दहा शब्द त्यांच्या जिभेवर असतात. जन्मभर त्यांनी तेच केलं. सगळी गच्ची त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होती.

त्यांनी बदलला नाही. ‘कोवळी’ म्हणाले, सूर लांबवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. कुणीही हसलं नाही. माझ्यासमोर आत्याचे खांदे हलायला लागले, आणि मी दिवा दुसऱ्या हातात घेऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

‘सावधान’ झालं, पट खाली गेला, अक्षतांचा पाऊस पडला. आत्याने आधी नवऱ्याकडे नाही, भावाकडे पाहिलं. “अजून पाठ होतं तुला?” ती म्हणाली. बाबांनी नुसती मान हलवली. मग तिने डोळे पुसले आणि हार घातला.

पंगत उठता उठता पुण्याच्या चुलत काकांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला. काका ओरडून विचारत होते, “काय, झालं का ताईचं रजिस्टर मॅरेज?” आई सवयीने ‘हो हो’ म्हणायला गेली. बाबांनी तिच्या हातून फोन घेतला, तोंडाशी अगदी जवळ धरला आणि म्हणाले, “मॅरेज नाही. लग्न झालं. माझ्या बहिणीचं लग्न झालं, आणि मी लावलं.”